तेरची वीट

नव्या माठात पहिलं पाणी ओतलं की भाजलेली माती ते तहानेनं आत ओढून घेते, अगदी कान लावला तर ऐकू यावा असा बारीक आवाज होतो, आणि मग घरभर एक ओला, गार, किंचित राखेचा वास पसरतो. चैत्रातल्या त्या वासानं माणसं सुखावतात. मला मात्र तो वास आला की कुणीतरी नाव घेऊन उभं केल्यासारखं वाटतं.

परवा असाच माठ भरत होतो आणि शेजारी पडलेल्या रविवारच्या वर्तमानपत्रातल्या एका चौकटीवर नजर गेली. वर ठळक अक्षरांत 'ठाऊक आहे का?' आणि खाली ओळीनं आश्चर्यं मांडलेली. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. रस्सीखेच एके काळी ऑलिंपिकमध्ये खेळली जाई. आपल्याकडच्या पहिल्या मूकपटात राणीचं काम एका पुरुषानं केलं होतं. आणि शहामृग व रस्सीखेच यांच्या मधोमध दीड ओळ: उस्मानाबाद जिल्ह्यातल्या तेर गावच्या प्राचीन विटा पाण्यावर तरंगतात. पुढं उद्गारचिन्ह.

त्या उद्गारचिन्हाचा मला असा काही संताप आला की हातातला तांब्या खाली ठेवावा लागला. चहाबरोबर चघळायला दीड ओळ. ज्या गोष्टीपायी एका माणसाचं चाक कायमचं थांबलं, ती आता रविवारची गंमत झाली होती. आणि संतापाचा पहिला धनी ते वर्तमानपत्र नव्हतंच, हेही मला त्याच क्षणी कळत होतं.

चाळीसच्या दशकात, निजामाच्या राज्यात, मी मुरुमपासून दोन कोसांवरच्या एका गावी शाळामास्तर होतो. वय पंचविशीचं, अंगात हैदराबादेत शिकून आल्याचा ताठा. विज्ञान उर्दूतून शिकवावं लागे. घनतेला 'कसाफत' म्हणताना मला स्वतःचा आवाज फार भारदस्त वाटायचा. एका दुपारी पाण्याहून जड वस्तू बुडते हा धडा चालू असताना शाळेचे रांजण घेऊन आलेला शरणप्पा कुंभार दाराशी थबकला. पन्नाशीचा, कपाळावर विभूती, बोटांच्या पेरांत वाळलेला चिखल.

"मास्तर," तो म्हणाला, "समद्याच विटा बुडत न्हाईत बघा. तेरला माजी सासुरवाडी हाय. थितल्या जुन्या देवळाची वीट म्या तेरणा नदीत सोडून बघितलीया. बदकावानी चालती."

वर्ग हसला. ते हसू माझ्यावर होतं की त्याच्यावर, हे मला ठरवता आलं नाही, आणि म्हणून ते मला जास्त झोंबलं.

"शरणप्पा, तुम्ही मडकी घडवा. हे आमच्यावर सोडा," मी म्हणालो.

तो रांजण उतरवून निघून गेला. आषाढात तेरला गेला आणि पडक्या भिंतीतली एक वीट धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला. भाताचं तूस मातीत मिसळून भाजलं की तूस जळतं, त्याच्या जागी पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते, असं त्यानं मला समजावून सांगितलं. मी मान हलवली, पण ऐकलं नाही. एक कुंभार मला पदार्थविज्ञान शिकवतो आहे, एवढंच मला ऐकू येत होतं.

त्याच पावसाळ्यात तळ्याची माती उचलायला कुंभारांना बंदी झाली. बांध कच्चा होतो, असं कारण हुकमात होतं. त्या तळ्याच्या काळ्या, लोण्यासारख्या चिकणमातीवाचून शरणप्पाचं चाक फिरणं अशक्य होतं. आसपासची दुसरी माती भट्टीत तडकायची. पोळ्यानंतर तहसीलदार शाळेच्या पाहणीला आले, तेव्हा हेडमास्तरांनी ओसरीवर अजब चिजांचं टेबल मांडलं होतं. समुद्राची शिंपली होती, दगड झालेलं लाकूड होतं, लोहचुंबक होता आणि शरणप्पाची वीट होती. शरणप्पानं आपली अर्जी सांगितली. तहसीलदार मिश्कील माणूस, विटेची हकिकत ऐकून म्हणाले, "तैर गयी तो तालाब की मिट्टी तुम्हारी."

घंगाळात पाणी भरलं. अर्धं गाव ओसरीपुढं. शरणप्पानं वीट माझ्यापुढं केली. "तुमच्याच हातानं सोडा, मास्तर. मंग कुनी म्हनाया नको की कुंभारानं चलाखी केली."

खांबाआड त्याची बायको काशव्वा उभी होती. मी हात पुढं केला तशी ती कौतुकानं म्हणाली, "महादेवाच्या देवळाची वीट हाय. घरात आनली तवापासनं एक दिवस कोरडी ठिवली न्हाय. सबंद सरावन मांडीवर घिऊन रोज तांब्याभर पानी घातलंया."

मी वीट हातात घेतली. ती गार होती, आणि शरणप्पानं सांगितली होती त्याहून पुष्कळ जड. तळहात ओला झाला. टेबलावर जिथं ती होती तिथं ओलीचा काळपट चौकोन उमटला होता. तळव्याला पाणी लागलं त्या क्षणी मला सगळं कळलं: पोकळ्या पाण्यानं भरल्या होत्या, महिनाभराच्या भक्तीनं वीट पाणी पिऊन बसली होती. चार दिवस उन्हात ठेवा, मग सोडा, एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विज्ञानाला खरा प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं.

मी वीट पाण्यात सोडली.

दोनतीन बुडबुडे आले आणि ती तळाशी जाऊन बसली. "शरणप्पा, तुमचं बदक म्हशीवानी बसलं की," पेठेतला एक दुकानदार म्हणाला आणि ओसरी हसण्यानं भरून गेली. तहसीलदार मात्र हसले नाहीत. माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "मास्टरसाब, एक बार फिर देखें?"

"जरूरत नहीं, साहब," मी म्हणालो.

शरणप्पानं बोलायला तोंड उघडलं. मग त्याची नजर खांबाकडं गेली आणि त्यानं ते मिटलं.

त्या दिवाळीत गावात पणत्या बाहेरगावच्या आल्या. चाक अंगणात उभं करून ठेवलं गेलं, आणि संक्रांतीच्या आधी नवराबायको सडकेच्या कामावर खडी फोडायला जळकोटकडं निघून गेली. वीट शाळेच्या खिडकीतच राहिली होती. चैत्रात एका रिकाम्या दुपारी दार लावून मी ती घंगाळात सोडली. ती तरंगली. हलकेच वळली, काठाला टेकली, पुन्हा मधोमध आली. मला आनंद व्हायला हवा होता. मी घाबरून तिला बाहेर काढलं, चोरीचा माल लपवावा तशी.

पुढच्या रविवारी ती पिशवीत घालून जळकोटला गेलो. बाभळीच्या तुटक्या सावलीत शरणप्पा दगडावर घण घालत होता. मी पिशवी उघडली. त्यानं विटेला बोट लावलं आणि म्हणाला, "वाळली व्हय आता."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"कुंभाराला वली माती कळना व्हय, मास्तर? फडक्यातनं काडली तवाच कळलं. वाटलं, इतकी वली असूनबी तरंगंल. न्हाय तर तुम्ही हाव, शिकल्यालं. तुम्ही सांगाल."

मी तहसीलदारांकडं जातो म्हणालो. ते बदलून गेल्याचं त्यालाच आधी ठाऊक होतं.

"मग तुम्ही का नाही बोललात?"

त्यानं दूर पाटीत खडी भरणाऱ्या काशव्वाकडं पाहिलं. "काय बोलू? हिच्या पान्यानं बुडली म्हनू? समद्या गावापुडं? जन्मभर देवाला पानी घालनारी बाई ती." मग घण उचलत हळू आवाजात म्हणाला, "तुम्हीबी सांगू नगा. वीट ठिवा तुमच्याकडं. इथं दगडाला काय तोटा हाय."

मी सांगितलं नाही. निजामाचं राज्य गेलं, तळ्याच्या बंदीचा कागद कुठल्या कचेरीत कुजला कुणास ठाऊक, आणि मी माझ्या गप्प बसण्याला त्याच्या विनंतीचं पांघरूण घालून इतकी वर्षं काढली. पण त्यानं मौन धरलं ते बायकोसाठी आणि मी धरलं ते धड्यातल्या एका वाक्यासाठी. या दोन्हींना एकच शब्द वापरावा लागतो, याचीही मला चीड येते. आता ती दोघंही नाहीत, म्हणून लिहितो आहे. त्या चौकटीच्या संपादकांना खरमरीत पत्र लिहायला बसलो होतो, पण त्यांची चूक काय लिहावी तेच सुचेना. छापलेलं सगळं खरं होतं.

मग माळ्यावरून वीट काढली आणि न्हाणीतल्या घंगाळात सोडली. अजूनही तरंगते. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट मी कधी नीट पाहिली नव्हती: जवळजवळ सगळी वीट पाण्याखाली असते, वर दिसते ती बोटभरच. त्या बोटभर कडेवर पाणी हळूहळू चढत होतं. वेळेवर उचलली नाही तर काय होईल, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी दोन्ही बाह्या वर सारल्या, पाण्यात हात घातले, आणि वीट तळव्यांवर धरून तसाच बसून राहिलो.