लिंबायतमध्ये भरतीची वेळ सांगणारे मामा

अन्याय झाला तो माझ्या मामांवर. यंदाच्या होळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, हजीऱ्याकडच्या खाडीच्या काठावर. वेळ मुद्दाम नेमकी देते आहे, कारण आमच्यासारख्या पत्रकं काढणाऱ्यांच्या तक्रारी "नक्की कधी ते लिहिलेलं नाही" म्हणून परत येतात. त्या क्षणी मामांचा एक पाय नावेच्या फळीवर होता, दुसरा काठावर, आणि चपला हातात. खाकी कपड्यांतला एक माणूस आला आणि म्हणाला, "काका, उतरी जाव. होडी बंध." सुरतेत माणसांना तोटा नाही, पण मोकळं चालता यावं म्हणून खाडी ओलांडून पलीकडच्या बेटावर जाणारा माणूस या शहरात एकच आहे, आणि नेमकं त्यालाच उतरवलं.

मामा माझ्या आईचे सख्खे भाऊ नव्हेत. आमच्या समोरच्या खोलीत राहतात, आईच्या शेजारच्या गावचे, अमळनेरकडचे, आणि दर राखीला हात पुढे करून येतात, एवढं नातं आम्हाला पुरतं. तीस वर्षं त्यांनी कापडाच्या कारखान्यात लूम चालवली. लूमवाल्याच्या दोन खोडी जन्मभर जात नाहीत, ओरडून बोलायची आणि समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघायची. कारखान्यात खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळेच ओठ वाचतात. मामा मात्र खाडीच्या पलीकडचे ओठ वाचतात. एकदा नाव अजून निम्म्या पाण्यात असताना त्यांनी जाहीर केलं, "ती हिरव्या साडीवाली नवऱ्याले बोली राह्यनी, मीठ इसरी उना म्हने." आम्ही बेटावर उतरलो तर एक नवरा खरोखरच मान खाली घालून, विसरलेलं मीठ आणायला परतीच्या नावेत चढत होता. ओरडण्याची तर गोष्टच सोडा. पहिल्यांदा ते बेटावर गेले तेव्हा त्यांनी नाववाल्याला प्रेमानं "राम राम" घातला, आणि भांडण आलं असं समजून त्या बिचाऱ्यानं बांबू उचलला.

या बेटावर जायचं म्हणजे लिंबायतहून पहाटे निघायचं, दोन बस बदलायच्या, मग खचाखच भरलेल्या रिक्षात अर्धं बाहेर लोंबकळत कारखान्यांच्या भिंती मोजत खाडीपर्यंत जायचं, मग गुडघाभर गाळ, आणि मग नाव. नाव फक्त भरतीला. ओहोटीला खाडीत नुसता चिखल. त्यामुळे मामांच्या खोलीतल्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीनं भरतीची वेळ लिहिलेली असते. समुद्राचं थेंबभर दर्शन नसलेल्या आमच्या गल्लीत लोक त्यांना येता-जाता विचारतात, "काय मामा, पाणी कधी चढतंय?" आणि मामा चेष्टा न समजता मिनिटासकट उत्तर देतात. माझ्या चुलतबहिणीच्या साखरपुड्याचा मुहूर्त ठरत होता, तेव्हा कोपऱ्यातून मामा गरजले, "त्या टायमाले ओहोटी शे, महाराज!" भटजी धुळ्याचे. त्यांनी पंचांग पुन्हा उघडून पाहिलं.

बेटावर मोटार नाही. एक ट्रॅक्टर आहे, तो पिण्याच्या पाण्याची टाकी ओढतो. दोन-चार सायकली आहेत. बाकी सगळं पायी. लिंबायतमध्ये आम्ही चालतो ते खांदे मिटून, रिक्षाचा आरसा आणि हातगाडीचा दांडा यांच्यामधून तिरपे होत. मामा बेटावर उतरले की पहिल्यांदा दोन्ही हात पसरतात आणि रस्त्याच्या अगदी मधोमध चालू लागतात. समोरून म्हैस आली तर म्हैस बाजूला होते. इतकं असूनही पायवाट ओलांडताना ते आधी उजवीकडे बघतात, मग डावीकडे, मग स्वतःशीच हसतात. ट्रॅक्टर आला की मात्र त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात, नको असलेला नातेवाईक लग्नात दिसावा तसे.

आणि तुटका धागा दिसला की त्यांचा हात राहत नाही. लूमवर तार तुटली की पापणी लवायच्या आत गाठ मारायची, ही त्यांची तीस वर्षांची शिस्त. बेटावरच्या कोळ्यांना हे कळल्यावर ते रविवारी फाटकी जाळी मुद्दाम अंगणात टाकून ठेवू लागले. "आवो कारीगर," असं कोणी म्हटलं की मामा उकिडवे बसत. दोन बोटांत धागा, एक फिरकी, गाठ तयार. घरचं पोट्ट्यांचं दप्तर उसवलं तर मामी सहा महिने ओरडतात, ते वेगळं.

मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले ती तावातावानं. पत्रकं वाटून, घोषणा देऊन घसा बसलेला, आमच्या मोर्च्याची परवानगी नाकारलेली. बाभळीखाली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी सोडत मी विचारलं, "मामा, इथे आहे तरी काय?"

"बस. गप बस," मामा म्हणाले.

मला गप बसायची सवय नाही. तरी बसले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मामांनी एकदम मान वर केली आणि म्हणाले, "बंद पडनी."

"काय बंद पडलं?"

"लूम." त्यांनी बोट कानाला लावलं. "हाई. घरी जावो, झोपो, बंदच व्हस नही. आठेच बंद पडस. मंग माले ऐकू येस."

कारखान्यातली ती धडधड त्यांच्या कानात कायमची राहिली होती, आणि ती फक्त इथे थांबायची. त्यांचा उजवा कान केव्हाच गेला आहे. डाव्याचंही फार दिवसांचं खरं नाही, असं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलंय. हे मामांनी मामींनाही सांगितलेलं नाही. त्या दुपारी त्यांनी मला एकेक आवाज बोटानं दाखवला, पाहुण्याला घर दाखवावं तसा. हा पाण्याचा. तो पानांचा. ती कुठे तरी कोणी जात्यावर बसलीय. मला त्यातला एकही आधी ऐकू आला नव्हता, आणि माझे दोन्ही कान शाबूत आहेत.

तर अशा माणसाला फळीवरून उतरवलं. पुढच्या हुकमापर्यंत प्रवासी नाव बंद, कारण कोणी सांगेना. बेटावरचे लोक आपापल्या होडक्यांतून जमेल तसे ये-जा करतात, बाहेरच्याला घ्यायला घाबरतात. माझं डोकं फिरलं. त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं आणि, आम्हाला जे लिहायची सवय आहे तेच लिहिलं: 'बेटाला पूल द्या! पक्का रस्ता द्या!' पहिली प्रत मामांना नेऊन दिली. त्यांनी ती ओळीवर बोट ठेवून वाचली, घडी घातली आणि मला परत केली.

"पोरी, तुले पूल कोनी सांगा? पूल व्हयना का रिक्षा येतीन. मंग डंपर येतीन. मंग मी कोठे जाऊ?"

हे ते इतक्या हळू बोलले की मलाच त्यांचे ओठ वाचावे लागले. पण मीही कमी नाही. म्हणाले, "मामा, तुमच्या शांततेसाठी तिथल्या आजारी माणसानं खाडीकाठी पडून राहायचं का?" ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी पत्रक सगळीकडे वाटलं. नावेची परवानगी देणाऱ्या कचेरीतही दिलं.

पुढच्या रविवारी मामा नेहमीप्रमाणे खाडीवर गेले, आणि मी त्यांच्या मागोमाग. काठावर बेटावरचीच एक बाई पोरीला घेऊन ताटकळत होती. मी तिला पत्रक दिलं, वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बेन, पूल तो थाय त्यारे थाय. हमणां होडी तो आपो! आ छोकरी निशाळे केम जाय?" मामांनी तिच्या ओठांवरून सगळं वाचलं, आत्ता हवी ती होडी आणि पोरीची बुडणारी शाळाही. 'बघ, मी म्हटलं होतं' अशा नजरेनं माझ्याकडे बघितलंही नाही. एवढं मोठं मन मला कधी जमणार नाही.

मी कचेरीत गेले नाव मागायला. साहेबांनी फायलीतून माझंच पत्रक काढून टेबलावर ठेवलं. "तुम्हीच पुलाची मागणी केलीय ना बेन? विचाराधीन आहे. पूल येणार म्हटल्यावर नावेची परवानगी कशाला?" इतके दिवस मी दुसऱ्यांच्या चुका मोठ्या टायपात छापत आले. ही माझी आहे, आणि तीही मोठ्या टायपातच छापते आहे.

मामा अजून दर रविवारी जातात. दोन बस, रिक्षा, गाळ. नाव नसलेल्या काठावर भरती येईपर्यंत उभे राहतात आणि भरती आली की पलीकडे बघत राहतात. तिकडून कोळी हात करतात, मामा हात करतात. काठावर डंपरांची धडधड चालू असते, त्यामुळे कानातली लूम काही थांबत नाही. गेल्या रविवारी पाणी अगदी पायाशी आलं, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुले पानीना आवाज येस का?"

"येतोय, मामा."

"कसा येस?"

मी सांगायला लागले आणि मला सांगता येईना. ते माझ्या ओठांकडे बघत थांबले होते.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, हळहळू नका, त्यानं काही होत नाही. माझं जुनं पत्रक घरात असेल तर फाडून टाका. येत्या रविवारी भरतीच्या वेळी खाडीवर या आणि त्या खाकीवाल्याला, त्याच्या साहेबाला, साहेबाच्या साहेबाला तोंडावर सांगा: पुलाचं तुमचं काय ठरायचं ते ठरू दे, नाव आज सोडा. पुढच्या वर्षी नको, आज. मामांचा डावा कान अजून आहे.