पुढच्या महिन्यात नक्की

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात सुपरवायझरला सगळे 'कोच' म्हणायचे. फुटबॉलला त्याने आयुष्यात पाय लावला नव्हता. मैदानात उतरला असता तर पंचाची शिट्टी वाजायच्या आत धाप लागली असती. पण सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की स्वारी कॉम्प्युटरसमोर बसायची आणि संघ चालवायची. खेळ असा, की त्यात गोल आपण मारायचे नाहीत, मॅनेजर व्हायचं. कोणाला खेळवायचं, कोणाला बाकावर बसवायचं, कोणाला विकायचं ते ठरवायचं आणि मुख्य म्हणजे खेळाडूंची मनं सांभाळायची. प्रत्येकाच्या नावापुढे एक चेहरा असतो. खूश असला तर हिरवा, नाराज झाला की लाल. दोन-चार चेहरे लाल झाले, की अख्खा संघ हातपाय गाळतो.

डावपेचांत कोच यथातथाच होता, पण ही मनं सांभाळण्यात त्याचा हातखंडा. त्यातली गोम त्याने हेरली होती. बाकावर बसून कुढणारा खेळाडू तक्रार घेऊन आला की त्याला कधी नाही म्हणायचं नाही. 'पुढच्या महिन्यात नक्की संधी देतो' हे उत्तर निवडायचं. चेहरा लगेच हिरवा! मग महिना उलटायच्या आत एखाद्या फुटकळ सामन्यात शेवटची पाच मिनिटं उतरवायचं, नाहीतर विकून मोकळं व्हायचं. एका राखीव गोलरक्षकाला त्याने असं कितीतरी मोसम झुलवत ठेवलं होतं, आणि डबा खाताना तो हे अगदी रंगवून सांगायचा.

"घरातल्या माणसांचे चेहरेही बघत जा कधीतरी," बायको म्हणायची.

"ते काय रंग बदलतात होय?" असं म्हणून तो हसण्यावारी न्यायचा.

कारखान्याची भट्टी विझवता येत नाही, म्हणून काम रात्रंदिवस चालायचं. गार झालेल्या बाटल्या पट्ट्यावरून एका लख्ख पांढऱ्या दिव्यासमोरून सरकत जायच्या. तिथे बसून तडा गेलेली, बुडबुडा राहिलेली बाटली उचलून बाजूला टाकायची, हे मावशीचं काम. ती कोणाचीच मावशी नव्हती, पण सगळे तिला मावशीच म्हणायचे. रात्री बाकीच्यांचे डोळे मिटायला लागत, मावशीचे नाही. म्हणूनच कोच तिला रात्रपाळीतून हलवायला तयार नव्हता. दुसरं काही कारण नव्हतं, हे सरळ सांगितलेलं बरं.

एक दिवस पाळी सुरू व्हायच्या आधी मावशी केबिनमध्ये आली.

"साहेब, मला दिवसपाळी द्या. झटका आल्यापासून ह्यांची डावी बाजू गेलीय. दिवसा शेजारीण बसेल, तिचं शिवणकाम घरीच असतं. पण रात्री कोण बसणार? कफ अडकला तर ह्यांना कूससुद्धा बदलता येत नाही."

कोचने चेहरा गंभीर केला. "मावशी, तुमचं नाही करायचं तर कोणाचं करायचं? पुढच्या महिन्यात नक्की."

मावशीचा चेहरा उजळला. कोचला स्वतःचंच कौतुक वाटलं. आपली युक्ती खऱ्या माणसांवरही चालते म्हणायची!

पुढच्या महिन्यात दिवसपाळीत खरोखरच एक जागा झाली. ती मिळाली पॅकिंगमधल्या एका माणसाला, कारण तो रोज राजीनाम्याची धमकी देऊन कारखाना डोक्यावर घेत होता. मावशी आवाज करणाऱ्यातली नव्हती. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा कोच म्हणाला, "जरा कळ काढा. आता पुढच्या महिन्यात नक्की. शब्द देतो." ती मान हलवून कामाला लागली. त्यानंतर तिने विचारलंच नाही. समोर आली की फक्त हसायची. बाई खूश आहे, असं या शहाण्याने धरून टाकलं.

मग एका सकाळी पाळी संपवून मावशी घरी गेली, तर नवऱ्याचं अंग गार पडलेलं होतं. कफ अडकून श्वास कोंडला, डॉक्टर म्हणाले, रात्रीच कधीतरी. कारखान्यातले सगळे भेटून आले. कोचही गेला, पण उंबऱ्यावरूनच परतला. सुट्टीच्या दिवशी त्याने कॉम्प्युटर लावला, तर पहिलाच खेळाडू तक्रार घेऊन उभा. त्याच्याने काही दाबवेना. त्याने बटण बंद केलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मावशी कामावर परत आली, तेव्हा त्याने तिला केबिनमध्ये बोलावून बसवलं.

"मावशी, सोमवारपासून तुम्हाला दिवसपाळी."

"आता कशाला साहेब? रात्रपाळीच राहू द्या. रात्री घरात बसवत नाही."

कोचने हात जोडले. "चुकलं माझं. घाला मला शिव्या. काहीही बोला."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तो सोसला असता.

"शिव्या घालून काय होणार?" ती म्हणाली. "माझी नणंद दोनदा आली होती ह्यांना न्यायला. भरलेलं घर तिचं, रात्री कोणी ना कोणी उठून बघितलं असतं. मीच नको म्हटलं."

पाळीची घंटा झाली. मावशी उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"तुम्ही पहिल्यांदाच 'नाही' म्हणाला असता ना साहेब, तर मी ह्यांना पाठवलं असतं."