दोनदा नको म्हणजे हो

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. शारजातल्या आमच्या मराठी मंडळाचं जेवण, हजर एकेचाळीस, खर्च अकराशे सत्तर दिरहम, म्हणजे त्या वेळच्या भावाने एकवीस हजार रुपये. मी नवा खजिनदार आणि जिलेबी वाढायलाही मीच. पंगतीच्या टोकाला बसलेल्या एका गृहस्थांनी ताटावर हात आडवा धरला. "नको नको, मला कशाला?"

हात आडवा होता, पण बोटं फाकलेली होती. दोन बोटांमधून एक जिलेबी आरामात खाली उतरेल एवढी जागा त्यांनी ठेवली होती. मी सरळ माणूस. नको म्हणाले, मी पुढे गेलो. मागे वळून पाहिलं तर त्यांची नजर माझ्या हातातल्या ताटाबरोबर चालत येत होती.

तेवढ्यात समोरच्या पंगतीतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो भाऊजी, वाढा त्यांना! त्यांचं दोनदा नको म्हणजे हो असतं. तिसऱ्यांदा म्हणाले तर खरं नको."

मी परत गेलो, पुन्हा विचारलं, पुन्हा 'नको' ऐकलं आणि वाढलं. त्यांनी चार जिलेब्या खाल्ल्या.

सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. गाव चिपळूणजवळचं. दुबईतल्या रास अल खोरला गाड्यांच्या सुट्या भागांचं एक मोठं गोदाम होतं, तिथे ते स्टोअरकीपर. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळं हवं असतं आणि काहीही मागता येत नाही. आमच्याकडे तो काकांच्या रूपाने होता.

पुढे ते माझ्या घरी प्रथम आले तेव्हा मी विचारलं, "चहा घेणार?" ते म्हणाले, "नको नको." मी म्हटलं, "बरं." मग आम्ही पाऊण तास शारजातल्या भाडेवाढीवर बोललो. बोलताना ते अधूनमधून स्वयंपाकघराकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना आमच्या टाइल्स आवडल्या. ते गेल्यावर बायकोने माझी जी कानउघाडणी केली ती इथे लिहीत नाही. काका मात्र ती गोष्ट विसरले नाहीत. चारचौघांत माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हे आमचे हिशेबनीस. फार चोख माणूस. एकदाच विचारतात."

माझं ऑफिसही रास अल खोरलाच, त्यामुळे सकाळी ते माझ्या गाडीतून येत. मी पुढचं दार उघडलं की म्हणायचे, "नको नको, मी मागे बसतो," आणि पुढच्या दाराशीच उभे राहायचे. मागून हॉर्न वाजायचे. शेवटी मी "काका, यल्ला, चला!" म्हटलं की बसायचे. हे वर्षानुवर्षं रोज चाललं.

त्यांच्या कंपनीचा मालक अरब, दिलदार माणूस. एकदा त्याने त्यांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, पगार वाढवून हवा का? काका म्हणाले, "नो नो सर, मला कशाला?" मालक खूष झाला. "खलास हबीबी, यू आर गुड मॅन!" पाठीवर थाप पडली आणि पगार तिथेच राहिला. हे सांगताना काका स्वतःच हसत होते. पण त्याच मालकाच्या घरी ईदला गेल्यावर उलटंच घडलं. तिथे कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, छोटा कप रिकामा झाला की हलवून परत द्यायचा, म्हणजे पुरे. नुसतं हातात धरून राहिलात तर पुन्हा भरतात. काकांना हे ठाऊक नव्हतं. ते तोंडाने "नो नो" म्हणत राहिले, कप हलवला नाही आणि वाढणारा ओतत राहिला. अकरा कप झाले. दुसऱ्या दिवशी गाडीत त्यांचे डोळे तारवटलेले होते.

"झोप नाही का काका?"

"डोळ्याला डोळा नाही. पण काय माणसं हो! नाही म्हटलेलं ऐकूनच घेत नाहीत. आपल्याकडचीच वाटतात."

एकदा पुलाच्या अलीकडे गाड्या ठप्प झाल्या होत्या तेव्हा मी सरळ विचारलं, "काका, हवं असेल तर हो म्हणावं माणसाने. यात एवढं काय आहे?"

पुढच्या ट्रककडे बघत ते म्हणाले, "मागून घेतलं ना, की ते आपलं वाटत नाही. कोणी आग्रह केला की कळतं, आपण त्यांना हवे आहोत."

आता मंडळाविषयी. आमच्या मंडळाचं राजकारण ऐकाल तर हसाल. अध्यक्षाला काम एकच, मे महिन्यातल्या मोठ्या कार्यक्रमात फेटा बांधून मधल्या खुर्चीत बसायचं आणि भाषण करायचं. तरी त्या खुर्चीसाठी लोक जीव टाकत. दरवर्षी बैठकीत कोणीतरी काकांचं नाव सुचवायचं. काका म्हणायचे, "नको नको, तरुणांना संधी द्या." दुसऱ्यांदा विचारण्याआधीच एखादा तरुण संधी घेऊन मोकळा व्हायचा. त्या तरुणांपैकी एकाला तर नातवंडं होती. काका दरवर्षी उपाध्यक्ष राहायचे. अध्यक्षीय भाषण मात्र त्यांचं पूर्ण तयार होतं. ट्रॅफिकमध्ये मी ते तुकड्यातुकड्याने ऐकलं होतं.

यंदा जानेवारीत काकू आमच्याकडे आल्या. कंपनीने काकांना निवृत्त केलं होतं. एप्रिलअखेर व्हिसा रद्द, निघायला वर महिनाभराची सवलत, मग अठ्ठावीस वर्षांचा संसार गुंडाळून कायमचं चिपळूण. काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "यंदा त्यांना अध्यक्ष व्हायचंय हो. एकदाच. तोंडाने बोलणार नाहीत. मी सांगितलं असं सांगू नका."

आम्ही बेत आखला. निखिल आमचा चिटणीस, पुण्याचा आयटीतला मुलगा. पहिल्यांदा नाव त्याने सुचवायचं. काका नको म्हणतील. लगेच मुकादमभाईंनी आग्रह करायचा. हे रत्नागिरीचे, कार्गोचा धंदा, आवाज असा की माइक लागत नाही. काका पुन्हा नको म्हणतील. मग मी शेवटचा आग्रह करायचा आणि श्वास घ्यायला न थांबता टाळ्या सुरू करायच्या. घाई करायला कारण होतं. फ्लॅट भाड्याने देण्याचा व्यवसाय करणारे आमचे जाधव उघड सांगून बसले होते, "काका नाही म्हणाले की मी उभा. आपल्याला आग्रह लागत नाही."

निखिलने विचारलं, "पण सर, काकांनी नो म्हटलं तर ते विथड्रॉ होत नाही का?"

"काकांचं नाही होत," मी म्हटलं. त्याने ते फोनमध्ये टिपून घेतलं.

आठ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी सात. रेस्टॉरंटचा वरचा हॉल, हजर सव्वीस. मुकादमभाई आले नव्हते. रास अल खोरहून निघाले होते आणि रस्त्यात अडकले होते. फोनवर म्हणाले, "पाच मिनिटं, इन्शाल्ला." इथल्या रस्त्यावर याचा अर्थ काय होतो ते तुम्ही जाणता. जाधव पहिल्या रांगेत नव्या शर्टात बसले होते. काका खिडकीशी, हात मांडीवर. मी निखिलला खुणावलं, थांब. त्याला वाटलं, सुरू कर. तो उठला.

"अध्यक्षपदासाठी मी काकांचं नाव सुचवतो."

जाधव खुर्चीतून अर्धे उठले. काकांनी दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं.

"हो," काका म्हणाले. "चालेल मला."

आग्रह करायला आलेली माणसं आग्रह हातात धरून तशीच बसली. निखिलने फोनमध्ये पाहिलं. त्यात या प्रसंगासाठी काही लिहिलेलं नव्हतं. जाधव अर्धे उठलेले होते. त्यांना आता बसताही येईना. माणूस मोठ्या मनाचा. ते पूर्ण उठले आणि म्हणाले, "मी... मी अनुमोदन देतो."

टाळ्या संपत आल्या तेवढ्यात दार उघडून मुकादमभाई घामाघूम आत आले. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. हॉलच्या मध्यावर उभं राहून सुरूच केलं, "ते काही नाही काका! आज तुमचं 'नाही' चालणार नाही!"

"अहो मुकादम, मी हो म्हणालोय."

"आम्ही ऐकून घेणार नाही! अख्ख्या शारजाची इच्छा आहे!"

"अहो, झालोय मी अध्यक्ष!"

"तुम्हाला व्हावंच लागेल!"

दोघांनी त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं. हसून हसून जाधवांच्या नव्या शर्टाचं बटण तुटलं. हसू ओसरल्यावर, आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात न आलेलं त्यांनीच विचारलं, "पण काका, कार्यक्रम तीन मेला. तुमचं तिकीट तर पंचवीस एप्रिलचं ना?"

"कंपनीने पुढे ढकललंय," काका म्हणाले. "पाच मेचं केलं."

काय नशीब, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

परतताना काका न सांगता पुढच्या सीटवर बसले. मी म्हटलं, "काका, आज पहिल्याच फटक्याला हो?"

"बेत मला माहीत होता. तुमच्या काकूंच्या पोटात काही राहतं का? पहिला निखिल, दुसरे मुकादम, तिसरे तुम्ही. मुकादमांचा पत्ता नाही, जाधव अर्धा वर. राहिलात तुम्ही."

"मग? मी होतो ना."

"तुम्ही एकदाच विचारता," काका म्हणाले आणि गालात हसले.

एप्रिलअखेर त्यांनी फ्लॅट सोडला आणि शेवटचे दहा दिवस ते दोघं आमच्याकडे राहिले. माझ्या मुलीने पहिल्याच रात्री आइस्क्रीमचा डबा त्यांच्यासमोर ठेवून विचारलं, "काका, येस ऑर नो? फायनल आन्सर." ते गडबडले. "येस," म्हणाले. दहा दिवसांत तिने त्यांना ज्या वळणावर आणलं ते मला नऊ वर्षांत जमलं नव्हतं.

तीन मेला त्यांना फेटा बांधला. तो थोडा मोठा झाला, डाव्या कानावर उतरत होता. भाषणाला उभे राहिले आणि तीनच वाक्यं बोलले. सगळ्यांचे आभार, स्वयंपाक्यांचे आभार, मुलांनी मराठी बोलावं. मला नवल वाटलं. जे भाषण मी गाडीत ऐकलं होतं त्याला रास अल खोरपर्यंतचा रस्ता अपुरा पडायचा. ते बसणार इतक्यात निखिल शिष्टाचार म्हणून म्हणाला, "काका, अजून दोन शब्द?"

"नको नको."

"काका, प्लीज."

मुकादमभाई मागून गरजले, "बोला काका!"

मग ते पस्तीस मिनिटं बोलले. पनीर गार झालं, पुऱ्या बसल्या, हॉलवाला दोनदा डोकावून गेला. कोणी उठलं नाही. काकू पहिल्या रांगेत होत्या. पुढचं वाक्य त्यांना आधीच पाठ असावं, कारण त्यांचे ओठ हलत होते.

पाच तारखेला मी त्यांना विमानतळावर सोडलं. बॅगा चार, वजन बरोबर. आत जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांना काही म्हणायचं होतं. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नाही, हे त्यांच्या बाबतीत मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. आता सकाळी गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी असते आणि पुलाच्या अलीकडे मी रेडिओ लावतो.

जूनमध्ये आमची सुट्टीची तिकिटं काढायला शारजातल्याच रोला भागातल्या ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. केरळचा माणूस, हिंदी बोलतो. माझा पत्ता बघून म्हणाला, "आपके बिल्डिंग के पास वो अंकल थे न? चिपलून वाले? ठीक से पहुँचे?"

पोचले, मी म्हटलं. कंपनीने तारीख बदलून दिली हे फार बरं झालं.

"कंपनी ने कहाँ? कंपनी तो बोली, हमने एक बार टिकट दिया, खलास. डेट चेंज अंकल ने खुद करवाया. दोनों का."

मी विचारलं, कधी?

त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. सात फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळ. म्हणजे बैठकीच्या आदल्या दिवशी.

दोन तिकिटांचे मिळून सातशे साठ दिरहम. आजच्या भावाने अठरा हजार रुपयांपेक्षा थोडे कमी. काकांनी ते स्वतःच्या खिशातून, रोख, ट्रॅव्हलवाल्याला दिले होते.