मोजणीच्या टेबलावरची माझी खुर्ची

माझ्या धाकट्या बहिणीविषयी लिहायचं तर आधी एक कबूल करून टाकते: मला तिचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही. आणि ती चांगली वागली की जास्तच वाटतो. साठी उलटल्यावर माणसं देवाधर्माला लागतात म्हणे. मी तर जन्मापासून चर्चमध्येच आहे आणि तिथेच बसून जळते आहे.

ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं जमिनीवर ओतून तिला मोजायला शिकवलं ते मी. दहा-दहाच्या चवडी लावायच्या, एखादी कोसळली की पुन्हा पहिल्यापासून. तिला ते इतकं आवडायचं की जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. पुढे घरात एकीच्याच शिक्षणापुरते पैसे होते आणि माझं लग्न ठरलेलं होतं, म्हणून ती कॉलेजात गेली आणि मी सासरी. यात तिचा काही दोष नाही. हे मी स्वतःला चाळीस वर्षं सांगते आहे, अजून पटलेलं नाही.

तिने रंगाच्या कारखान्यात हिशेब लिहिले, मग एका हॉस्पिटलात हिशेबखात्याची प्रमुख झाली. लग्न केलं नाही. आईचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं. कोणतं औषध किती वाजता दिलं, आई किती घास जेवली, सगळं वहीत लिहिलेलं असायचं. शेवटी शेवटी तर आई मलाही तिच्याच नावाने हाक मारायची. मी ओ द्यायचे, दुसरं काय करणार.

मला काय होतं? मला चर्चमधलं मोजणीचं टेबल होतं. रविवारची उपासना संपली की अर्पणाच्या थैल्या मागच्या खोलीत यायच्या. दार आतून बंद. एका खुर्चीवर शिंपीकाका, दुसरीवर मी. आमच्या मंडळीत प्रत्येक घराला नंबर घातलेली पाकिटं दिलेली असतात. बाहेर रक्कम लिहायची, आत तेवढे पैसे घालायचे. मी पाकीट फोडून आकडा सांगायचे, काका लिहून घ्यायचे. शेवटी पाकिटांवरची बेरीज आणि प्रत्यक्ष पैसे यांत काही कमी-जास्त निघालं तर त्यासाठी वहीत एक रकाना होता, 'फरक' नावाचा. माझ्या एकोणीस वर्षांत तो रकाना कोरा राहिला. पाळकसाहेब पाहुण्यांना ती वही उघडून दाखवायचे आणि मी दाराशी उभी राहून पदर सारखा करायचे.

मग मंडळीने ठरवलं की आता कारभार वाढला, एक शिकलेला वित्त नियंत्रक हवा. आला कोण, तर आमची धाकटी, तीही हॉस्पिटलातला निम्मा पगार सोडून. लोकांनी तिला कंट्रोलरबाई करून टाकलं. मी सगळ्यांना सांगत सुटले की माझीच बहीण, मोजायला मीच शिकवलं. तो आनंद बरोबर तीन आठवडे टिकला.

चौथ्या रविवारी चर्चच्या फळ्यावर टाइप केलेला कागद लागला होता. अर्पण मोजणाऱ्या दोघांत, आणि त्या दोघांपैकी कुणाचं वित्त नियंत्रकाशी, कसलंही नातं नसावं. खाली तिची सही. माझ्या खुर्चीवर शाळेतल्या बाई बसल्या होत्या. शिंपीकाकांनाही डोळ्यांच्या कारणाने विश्रांती दिली होती, त्यांच्या जागी कंपाउंडर. काका सुटलो म्हणाले आणि घरी जाऊन झोपले. माझ्या मात्र अंगाची लाही लाही झाली. मी तिला जिन्यातच गाठलं.

"हा नियम कुणी केला?"

"मी," ती म्हणाली. "सगळीकडे असतो, ताई. इथेच नव्हता."

मी तिच्याशी दोन महिने बोलले नाही. म्हणजे ती जेवायला आली तर बोलायचे, पण मीठ दे, दार लाव, एवढंच.

आणि तिचं कौतुक तर ऐकवत नव्हतं. तिने छताच्या दुरुस्तीसाठी आलेला निधी वेगळा काढून ठेवला, विजेचं बिल दोनदा भरलं जात होतं ते थांबवलं. पाळकसाहेबांनी टॅक्सीच्या पावत्यांत एक चप्पल-दुरुस्तीची पावती सरकवली होती, तीही तिने हसून परत केली आणि पाळकसाहेब हीच गोष्ट प्रवचनात सांगून मोकळे झाले. तिचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, आत उभं राहिलं तर डोकं आपटेल अशी. पण लोक तिथे रांग लावायचे. आमच्या घरी तर आमचे हेसुद्धा म्हणू लागले की बाई हुशार आहे हो. बायकोसमोर मेव्हणीला हुशार म्हणणाऱ्या माणसाला त्या दिवशी मी दुपारचा चहा दिला नाही.

माझ्या पोटात थंडावा पडायचा तो फक्त सोमवारी. दर सोमवारी ती आदल्या दिवशीचा हिशेब फळ्यावर लावायची आणि त्यात फरकाचा रकाना भरलेला असायचा. तीन कमी. चार जास्त. पुन्हा पाच कमी. मी रोजची भाजी आणायला मुद्दाम त्या बाजूने जायचे आणि फळ्यासमोर उभी राहून मनातल्या मनात टाळ्या पिटायचे.

वार्षिक सभेत मला राहवलं नाही. अहवाल वाचून ती खाली बसली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी उभी राहिले. म्हटलं, कंट्रोलरबाई आल्यापासून एक रविवार फरकावाचून गेला नाही, माझ्या वेळी एकदाही फरक नव्हता. जुन्या वह्या काढा, नव्यांच्या शेजारी ठेवा, आणि लेखी अहवाल द्या की असं का होतं. सभेत कुजबुज झाली. ती जागेवरूनच म्हणाली, "जुन्या वह्या राहू देत."

मला वाटलं, सापडली. मी आवाज चढवला. का राहू देत, काय लपवायचं आहे? त्यावर कुणीतरी अनुमोदन दिलं, हात वर झाले, ठराव पास झाला. त्या रात्री मला कितीतरी महिन्यांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती आली. मी शेंगा निवडत होते. ती समोर बसली, दोन-चार शेंगा तिनेही निवडल्या, मग म्हणाली, "एकोणीस वर्षं, ताई. नऊशेच्या वर रविवार. माणसं लिहितात एक आणि घालतात एक. घाईत, विसरून, लाजेने. एकदाही फरक नाही, असं होत नाही."

मी पुढची शेंग उचलली.

"मी पहिल्याच आठवड्यात वही पाहिली," ती म्हणाली. "तुला विचारलं असतं तर तुझं उत्तर मला लिहावं लागलं असतं. नियम लावता येत होता, तो लावला. आता सभेनेच विचारलंय."

आता सांगते. एकोणीस वर्षांपूर्वी, मी मोजायला बसले त्या पहिल्याच महिन्यात एक पाकीट कमी निघालं होतं. बाहेर दहा लिहिलेले, आत आठ. पाकिटावर नंबर आमच्या घराचा. आमचे हे पाकीट बंद करताना आतले दोन चहा-विडीसाठी काढून घेतात हे मला माहीत होतं, पण शिंपीकाकांसमोर ते वहीत चढलेलं मला बघवेना. मी पर्समधून दोन नाणी काढून आत सरकवली आणि म्हटलं, दहा. पुढे दुसऱ्या कुणाचं कमी निघालं, तेही भागवलं. कुणाचं जास्त निघालं तर जास्तीचं पर्समधल्या पत्र्याच्या डबीत टाकलं, पुढच्या तुटीसाठी. गिरणीवाल्या काकू नेहमी पाच लिहून सात घालायच्या. एकोणीस वर्षं त्यांच्या दोन नाण्यांनी मी आमच्या घराची अब्रू झाकली. मी एक नाणंही स्वतःसाठी खर्चलं नाही, पण मंडळीचे पैसे घरी आणून ठेवले, आणि वर ती कोरी वही मिरवली. काल माझ्याच हाताने मी माझ्या पायावर धोंडा मारून घेतला होता.

डबी स्वयंपाकघरातल्या फळीवरच होती. मी ती तिच्यापुढे ठेवली. तिने हात लावला नाही. "उद्या ऑफिसात घेऊन ये," म्हणाली. "आणि मी सहा महिने विचारलं नाही, तेही मी अहवालात लिहीन."

"तुझी नोकरी अजून पक्की झालेली नाही," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली, आणि राहिलेल्या शेंगा निवडून गेली.

दुसऱ्या दिवशी मी डबी घेऊन गेले. झाकणाच्या आत मी एक चिठ्ठी ठेवलेली असे, जमा आणि वजा. तिच्यावर शेवटचा आकडा एकसष्ट. शाळेच्या बाई आणि कंपाउंडर आत मोजायला बसले. नातं म्हणून मी बाहेर, आणि नातं म्हणून तीही बाहेर. आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बाकावर शेजारी शेजारी बसलो. आतून नाण्यांच्या चवडी लावल्याचा आवाज येत होता. एक चवड कोसळली, तशी आम्ही दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं.

बाई कागद घेऊन बाहेर आल्या. अठ्ठावन्न निघाले होते. चिठ्ठीपेक्षा तीन कमी. माझा हात आपोआप पर्समध्ये गेला, तीन नाणी बोटांत आलीसुद्धा. धाकटीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे, ताई. फरक लिहायचा असतो."

तिने कागद मांडीवर घेतला आणि फरकाच्या रकान्यात लिहिलं, तीन कमी. अक्षर नेहमीसारखंच, सुबक. मग पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. आडनाव वाकडं आलं.

त्या रविवारी मंडळीसमोर अहवाल तिने स्वतः उभं राहून वाचला. "पाकिटांतली कमी-जास्त रक्कम माझी बहीण परस्पर भरून काढत होती," हे वाक्य तिने मान खाली न घालता वाचलं. पुढचंही तसंच: "हे माझ्या लक्षात आलं होतं आणि मी सहा महिने विचारलं नाही." गिरणीवाल्या काकू माझ्यापासून चार बाकं पलीकडे बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हेच जास्त लागलं. कमिटीने तिची नोकरी पक्की करायचं वर्षभर पुढे ढकललं. आणि उपासनेनंतर लोक तिलाच भेटायला गेले, तिचाच हात हातात घेऊन उभे राहिले. चूक सांगून तिचा मान वाढला. माझा तर वही बिनचूक असतानाही तेवढा कधी नव्हता. मी बुटांच्या खणाशी एकटी उभी राहून ते पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, जळलेच.

पुढच्या शनिवारी यांनी नेहमीप्रमाणे पाकीट बंद करून टेबलावर ठेवलं. वर लिहिलं होतं दहा. मी उजेडासमोर धरून पाहिलं, बोटांनी चाचपलं. आत आठच होते. पर्स शेजारीच होती. मी पाकीट जसंच्या तसं ठेवलं आणि रविवारी थैलीत टाकलं.

सोमवारी भाजीला जाताना फळ्यासमोर थांबले. तिच्या सुबक अक्षरात फरकाच्या रकान्यात लिहिलं होतं, दोन कमी. ते आमचे होते.