शेवटचा स्क्रू उद्या

मशीन हातात दिली की मिस्त्री ती आधी कानाला लावायचे. बाजारात कलिंगड थोपटून कानाशी नेतात ना, तसं. डोळे मिटायचे, खटका दाबायचे, जरा थांबायचे आणि मशीन हलकेच काउंटरवर ठेवून म्हणायचे, "ही पन मुकी हाय, शेठ."

मुकी! अहो, त्या मशीनच्या टर्रर्र आवाजाने समोरचा पानवाला शिव्या घालायचा. पण मिस्त्रींचं म्हणणं एकच. पहिली मुकी, दुसरी मुकी, मुंबईहून मुद्दाम मागवलेली तिसरीही मुकी. तुम्हीही असं गिऱ्हाईक पाहिलं असेल. रोज येतं, सगळं हाताळतं, घेत काहीच नाही आणि त्याला हाकलावंसंही वाटत नाही.

राहनाळची आमची भातशेती गोदामांखाली गेली, तेव्हा मी भिवंडीच्या वेशीवर ड्रिल, ग्राइंडर, कटर असल्या सामानाचं दुकान टाकलं. मागच्या भिंतीला लागून कापड विणणाऱ्या लूमचं शेड. दिवसभर खटखट खटखट. त्या आवाजात आम्ही सगळेच ओरडून बोलायचो, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटायचं शेठ कायम भांडतोय. तसा मी भांडायचोही. माझा स्वभाव गरम, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं.

मिस्त्री गोदामांच्या छपरावर पत्रे बसवायचे. पूर्णा, राहनाळ, अंजूर, जिथे शेताचं गोदाम झालं तिथे वर कधी ना कधी ते बसलेले. त्यांच्याकडे दुबईहून परतलेल्या एका वेल्डरकडून घेतलेली इम्पॅक्ट ड्रायव्हर होती. तेव्हा आमच्याकडे ती फार कुणाकडे नव्हती. हातात मावणारी, बॅटरीवर चालणारी मशीन. स्क्रू फिरवता फिरवता आतून बारीक ठोके देते, त्यामुळे मनगटाला झटका बसत नाही. आणि उंच छपरावर वायर कुठे ओढत बसणार?

पूर्ण्याच्या एका गोदामात त्यांनी बसवलेलं छप्पर गळलं. खोकी भिजली. ठेकेदाराने त्यांना कामावरून काढून घरी बसवलं. मिस्त्री जुनी मशीन घेऊन माझ्याकडे आले, म्हणाले, "म्हातारी झाली ही. बोलायची बंद झाली. हिच्या बदली दुसरी द्या. मशीन आली का ठेकेदार परत बोलावनार हाय."

आमच्या दुकानाची एक रीत होती. काउंटरशेजारी लोखंडी अँगलवर पत्र्याचा तुकडा ठोकलेला. मशीन घ्यायची तर आधी त्यावर दहा स्क्रू मारून बघायचे. मिस्त्रींनी दहा मारले, वाकून एकेक पाहिला आणि मान हलवली. मी म्हटलं, "झकास बसलेत की!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मीच पूर्ण्याची खोकी भिजवली होती.

मग त्यांनी मला शिकवलं. मी मशीन विकणारा, पण शिकवलं त्यांनी. स्क्रूखाली रबरी वायसर असतो. कमी आवळला तर पाणी शिरतं, जास्त आवळला तर रबर चिरडतो आणि पाणी शिरतंच. "आदी मशीन गुनगुनते. मंग बडबडाय लागते. वायसर बसला का तिचा आवाज जाड व्हतो. तितं बोट सोडायचं. डोल्याला दिसतं तवर उशीर झालेला असतो." त्यांनी मारलेले दहाच्या दहा वायसर चिरडलेले होते. म्हणून ती मशीन मुकी.

दुसरी त्यांची रीत मात्र मी कुठल्याच फिटरकडे पाहिली नाही. कितीही मोठं काम असो, शेवटचा स्क्रू ते त्या दिवशी मारायचे नाहीत. "पत्रा दिवसभर तापतो, ताणतो. त्याला एक रात निजू दे. सकालचा थंड झाला का शेवटचा मारायचा." ठेकेदार वैतागायचे, एका स्क्रूसाठी पुन्हा शिडी लावायची म्हणजे काय? पण त्या सकाळी मिस्त्री सगळं छप्पर परत एकदा फिरून बघायचे. त्यांना विचारलं, की हे सगळं पत्र्यासाठीच का हो, तर हसून म्हणायचे, "मानसाला पन सकालचं जायला कुटंतरी लागतं, शेठ."

ते अंजूरला एका खोलीत एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती मुलगी शहापूरकडे दिलेली. काम सुटल्यापासून त्यांना सकाळी जायला एकच ठिकाण उरलं होतं, माझं दुकान. दहाच्या सुमाराला रिक्षातून उतरायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन्सिल, कामावर निघाल्यासारखे. चहा घ्यायचे, एखादी मशीन कानाला लावायचे, मुकी ठरवायचे. जाताना म्हणायचे, "उद्या येतू." चार महिने हे चाललं. मी आतून कंटाळलो होतो, खोटं कशाला बोलू? कॅटलॉगमधली एकही मशीन त्यांना दाखवायची राहिली नव्हती. ही हलकी आहे, हिची बॅटरी दिवसभर जाते, हिची मूठ रबरी आहे. ते मान डोलावून सगळं ऐकायचे. म्हणजे, मला तसं वाटायचं.

एक दिवस दुकानात गर्दी होती. मिस्त्रींनी सकाळपासून तिसरी मशीन मुकी ठरवली आणि माझं डोकं फिरलं. पाठमोरा होऊन खोका फळीवर ठेवता ठेवता मी बोंबललो, "मशीन मुकी न्हाय मिस्त्री, तुमीच बहिरे हाव!" सगळी गिऱ्हाइकं खो खो हसली. मी वळून पाहिलं तर मिस्त्रीही हसत होते. सगळे हसतायत म्हणून हसत होते. मग त्यांनी मला विचारलं, "काय झालं, शेठ?" मी म्हटलं, "काही नाही, चहा घ्या." पण मी बोंबललेलं त्यांना ऐकूच आलं नसावं, हा संशय दिवसभर गेला नाही.

खात्री पटली ती आठवड्याभरानं. तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग रोजचं. लाईट गेली की मागचे सगळे लूम एकदम थांबायचे आणि अख्ख्या रस्त्याचा आवाज बसायचा. भिवंडीतल्या कुत्र्यालासुद्धा कळतं लाईट गेली ते. ओरडणारी माणसं अर्ध्या वाक्यात आवाज उतरवतात, आपलंच आपल्याला ऐकू येतं म्हणून लाजतात. त्या दिवशी मिस्त्री मला मुलीच्या गावच्या विहिरीचं सांगत होते. लूम थांबले. पानवाला गप्प, मी गप्प. आणि मिस्त्री तसेच, त्याच वरच्या पट्टीत, हातवारे करत, "मोटी हीर हाय शेठ, मोटी!" रस्त्यावरून जाणारा माणूस वळून बघायला लागला. त्यांना काहीच कळलं नाही.

मी काउंटर ओलांडून त्यांच्यासमोर गेलो. तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, "मिस्त्री, लूम चालू आहेत का बंद?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मागच्या भिंतीकडे. "बंद?" असं अगदी हळू विचारलं, आणि मग खाली बसले. चार महिने चौदा मशीनवर घेतलेला आळ त्या एका क्षणात त्यांच्या पदरात आला. आयुष्यभर तापल्या पत्र्यावर ठोके ऐकून ऐकून कान गेले होते. त्यांना ते आतून ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. "पोरीला सांगू नका," ते म्हणाले. "ती मला उचलून न्येल. तितं मी काय करू? बसून भाकर खाऊ?"

मला फार वाईट वाटलं. माझ्यासारख्या तापट माणसाला वाईट वाटलं की काहीतरी करावंच लागतं. लाईट आली तशी मी एक मशीन घेतली, त्यांचा डावा हात धरला आणि पंजा सपाट त्या पत्र्याच्या तुकड्यावर दाबून ठेवला. शेजारी स्क्रू लावला, खटका दाबला. गुणगुण, मग बडबड. वायसर बसला तसे त्यांचे डोळे एवढे मोठे झाले.

"बोलली!" मिस्त्री ओरडले. "शेठ, बोलली ही!"

मग त्यांनी स्वतः मारले. डावा पंजा पत्र्यावर, उजव्या हातात मशीन, डोळे मिटलेले. पहिले तीन बिघडले. पुढचे सात असे बसले की मी भिंगातून पाहिले असते तरी खोट निघाली नसती. त्यांनी तीच मशीन घेतली. खोकं नको म्हणाले, मशीन शर्टाच्या आत धरून रिक्षात बसले. त्या दिवशी मी विनाकारण सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्याच दिवशी मी ठेकेदाराला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "शेठ, स्क्रू मारतील हो ते. पण पत्रा निसटला आणि मी खालून हाक मारली, तर ती कोण ऐकणार?" मी फोन ठेवला. मिस्त्रींना मी सांगितलं, ठेकेदार बाहेरगावी गेलाय.

"मंग तवर तुमचंच काम करतू," ते म्हणाले. माझ्या दुकानाच्या पुढचा पत्रा वर्षानुवर्षं खडखडत होता. ते शिडी घेऊन चढले. सकाळपासून दुपारपर्यंत, एक हात पत्र्यावर ठेवून, माणूस गात असल्यासारखा रमला होता. मी खाली शिडी धरून उभा. मध्येच शिडी जराशी सरकली. मी ओरडलो, "मिस्त्री, धरा!" त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. काही झालं नाही, शिडी मी सावरली. पण मग ते उतरेपर्यंत मी शिडी सोडली नाही.

उतरल्यावर त्यांनी वर बोट दाखवलं. कोपऱ्यातलं एक भोक मोकळं होतं. "शेवटचा उद्या. ऊन चढायच्या आत येतू." मशीन माझ्या चार्जरवर लावली. अंजूरला लाईटचा भरवसा नाही, म्हणाले. जाता जाता लूमच्या खटखटीत आणखी काहीतरी बोलले. मला ते कळलं नाही. मी मान हलवली. आता ऐकल्यासारखं करायची पाळी माझी होती.

ते गेले आणि तासाभरात त्यांच्या मुलीचा फोन आला. दुकानाचा नंबर त्यांनीच तिला दिला होता. "दादा, बाबा रागावलेत का माझ्यावर? फोनवर नुसतं हो हो करतात. मी रडले तरी हो म्हणाले." मी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा. डोळ्यांपुढे ती सरकलेली शिडी होती. मी सांगून टाकलं. कान, गळलेलं गोदाम, ठेकेदार, शिडी, सगळं. ती म्हणाली, "बरं केलंत दादा."

सकाळी मी लवकर दुकान उघडलं, शिडी लावून ठेवली, दोन चहा सांगितले. ऊन चढलं. मिस्त्रींचा चहा मीच प्यायलो. अकराच्या सुमाराला मुलीचा फोन आला, गाडीतून. पहाटेच येऊन तिने त्यांना घेतलं होतं. मागून त्यांचा मोठा आवाज येत होता, "शेठला सांग, शेठला सांग!" काय सांग, ते गाडीच्या आवाजात कळलं नाही.

नंतर ती अधूनमधून फोन करायची. बाबा बरे आहेत. डॉक्टरांना दाखवलं. कानात मशीन बसवली, पण काढून ठेवतात. "रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसतात, दादा. म्हणतात शेठचा एक स्क्रू राह्यलाय." मी म्हणायचो, मशीन घेऊन येतो मी, येत्या रविवारी येतो. किती रविवार गेले. दुकान होतं, लग्नसराई होती, सांगायला कारणं पुष्कळ होती. खरं एवढंच, की त्यांच्यासमोर जायला मला तोंड नव्हतं. एकच गोष्ट सांगू नका म्हणाले होते, आणि ती मी तासाभरात सांगितली होती. आजही मला ठरवता येत नाही, मी त्यांना वाचवलं की त्यांची सकाळ काढून घेतली.

ते गेल्याचं कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. मुलगी म्हणाली, "मशीन तुम्हीच ठेवा दादा. तुमच्याकडे राहिली तर त्यांना बरं वाटेल."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत मी शिडी लावली. या वयात, या पोटासकट, वर चढलो. एका हातात त्यांची मशीन, खिशात स्क्रू आणि वायसर. कोपऱ्यातल्या भोकावर स्क्रू टेकवला, डावा पंजा पत्र्यावर ठेवला. पत्रा रात्रभर निजून गार झाला होता. खटक्यावर बोट ठेवून मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. मागे लूम सुरू झाले, पत्रा हाताखाली बारीक थरथरायला लागला.

हा मारला की मिस्त्रींचं सकाळी माझ्याकडे यायचं काही काम उरणार नव्हतं.

मी स्क्रू परत खिशात टाकला, खाली उतरलो आणि मशीन चार्जिंगला लावली.