नावासकट फ्रेम

ठाण्यातल्या फ्रेमवाल्याकडे मी एक जुनं डच छापील चित्र घेऊन गेले होते. सपाट जमीन, होड्या आणि खाली बारीक अक्षरांत गावाचं नाव.

"मॅडम, हे नाव माउंटच्या, म्हणजे कडेच्या पुठ्ठ्याच्या, खाली जाईल," तो म्हणाला. मी नेहमीसारखी मान डोलावली.

शेजारी उभ्या असलेल्या कोळीण आजीने होड्यांवरून बोट फिरवलं. "कुठलं गं हे?"

"हॉलंडचं. तिकडे लोक आपल्या गावांची चित्रं छापून घरात लावायचे," मी हळूच म्हणाले.

"मग नाव झाकू नको रे!" ती फ्रेमवाल्यावर कडाडली. "या लोकांनी आपला चिखल नाव घालून भिंतीवर लावला, तवाच तो देश यांचा झाला."

तिने स्वतःचं चित्र उलगडलं. नातीने काढलेली खाडी, जाळी आणि खाली ठळक 'खारबंदर'. "हे आमच्या गावाचं नाव. तिथं टॉवर बांधून बिल्डरने बोर्डावर 'रिव्हर ब्लिस' लिवलंय. मी हे छापून कोळीवाड्यात घरोघर लावनार. बघू कसा पुसतो!"

त्याच रिव्हर ब्लिसमध्ये मी राहते. ते मला तिच्यासमोर सांगवेना.

फ्रेमवाल्याने माझा पत्ता विचारला.

"खारबंदर," मी म्हणाले. त्याचं पेन थांबलं. आजीने वळून पाहिलं.

"लिहा," मी म्हणाले. "आणि चित्रातलंही नाव झाकू नका."