वर्गणीतल्या बाई

धरणाच्या अंगाला आमची जिल्हा परिषदेची शाळा. चार वर्ग आणि शिक्षिका मी एकटी. दुसरी जागा रिकामीच. वर अर्ज करून करून मी कंटाळले, तेव्हा गावानेच वर्गणी काढली आणि डी.एड. होऊन घरी बसलेली गावातली एक सून नेमली. तिचं मानधन माझ्या पगाराच्या चौथाईसुद्धा नव्हतं. शिकवायची मात्र माझ्यापेक्षा चांगलं. दिवाळीपर्यंत पहिलीची पोरं घडाघडा वाचायला लागली, ती तिच्यामुळे.

पण वर्गणी म्हटली की मालक पन्नास. ज्याने त्याने वर्गाच्या दाराशी यावं, नातवाला पुढे बसवा म्हणावं, काल पोरं लवकर का सोडली ते विचारावं. माझा पगार सरकारी, त्यामुळे मला कुणी काही विचारत नसे. भातकाढणीत तिचं मानधन थकलं, तेव्हा मात्र दाराशी कुणी फिरकलं नाही. माझा संताप व्हायचा. ती मान खाली घालून शिकवत राहायची.

मग नवलाख उंबरे गावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तिला पॅकिंगचं काम मिळालं. न्यायला-आणायला बस, पगार महिन्याच्या महिन्याला. जाऊ का, असं तिने मलाच विचारलं. ती गेली की चारही वर्ग पुन्हा माझ्या गळ्यात, हे मला दिसत होतं. तरी जा म्हणाले. तिच्या जागी कुणाला नेमायला गाव पुन्हा बसलं नाही.

जूनमध्ये ती शाळेत आली, मुलाचा दाखला मागायला. आमच्याच पहिलीत तिच्याच हाताखाली वाचायला शिकलेला मुलगा. त्याला आता हायवेवरच्या इंग्रजी शाळेत घालायचं होतं. मला लागलंच. तिथल्या बाईंना पगार किती देतात, ठाऊक आहे का, असं मी जरा टोचूनच विचारलं.

"व्हय. आदी मीच तितं काम इचारायला गेलते. आपलं गाव देत हुतं, त्यापरास कमी देत्यात."

"मग कशाला घालतेस?"

तिने आत पाहिलं. चारही वर्ग एकत्र बसले होते. मी चौथीला भागाकार घालून बाहेर आले होते आणि पहिलीची पोरं नुसती बसून होती.

"तितं फी भरली की दाराशी हुबं ऱ्हाऊन इचारता येतं, बाई."

मी दाखला लिहून सही केली, शिक्का मारला. पहिलीची पोरं तोवर तशीच बसली होती.